मसुदीचे चौल ऐकीव नाही

महोदय, रविवार पुरवणीतील अरब प्रवाशांवरील लेखात दहाव्या शतकातील प्रवासी-लेखक अल-मसुदीच्या कोकणविषयक मजकुराला ‘खलाशांच्या गप्पा’ म्हटले आहे. दूरच्या समुद्रांविषयी त्याने ऐकीव बरेच लिहिले हे मान्य. परंतु अलिबागजवळच्या चौल बंदराला हा शेरा लागू पडत नाही. ‘मुरूज अज-जहब’ या ग्रंथात मसुदी स्पष्ट सांगतो, की हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, तो स्वतः सैमूर म्हणजे चौल येथे होता, त्या वेळी ‘बल्हरा’च्या, अर्थात राष्ट्रकूटांच्या, वतीने तेथे झंझ नावाचा राजा होता आणि गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. दहा हजारांचा आकडा अंदाजी असू शकेल, कारण शिरगणती करीत कोणता प्रवासी हिंडतो? झंझ मात्र खरा आहे: उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या ताम्रपटांत त्याचे नाव शिवाची बारा मंदिरे बांधणारा राजा म्हणून येते. शिवाय, या किनाऱ्यावर मुसलमान होते याला दुसराही आधार आहे: शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूटांच्या चिंचणी ताम्रपटानुसार उत्तरेकडील संजाण बंदराचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे मुसलमान अधिकाऱ्याकडे होता. चौलच्या बाजारातून जिवंत जळायला निघालेला, डोक्यावर निखारे असताना विडा चघळणारा तरुण मसुदीने रंगवला आहे. त्यात पानाचा तपशील टिपायला तो विसरत नाही. लेखकांनी मसुदीचे पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे तपासायला हवे होते.

— एक वाचक, अलिबाग