रक्तगट जुळला, किडनी नाही जुळली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किडनीदानावरची तुमची बातमी वाचली, चांगली होती, पण रक्तगट जुळला की काम झालं असा जो सूर आहे ना त्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्याकडे रक्तगट जुळूनच गाडी अडकली.

आई दोन वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. बाबांचा नि तिचा गट एकच, बी पॉझिटिव्ह, बाबा एका पायावर तयार, त्यांचे सगळे रिपोर्ट पण चांगले. मग क्रॉसमॅच म्हणून टेस्ट असते ती झाली. को-ऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला, "पॉझिटिव्ह आलंय", आणि बाबा चपला घालून पेढे आणायला निघाले पण, मी जिन्यात गाठून परत आणलं. या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे नाही.

डोनरच्या पांढऱ्या पेशी घेतात, त्यात पेशंटचं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घालतात आणि पेशी मरतात का ते मायक्रोस्कोपखाली बघतात. मेल्या तर समजायचं की पेशंटच्या रक्तात त्या माणसाविरुद्ध अँटीबॉडीज आधीच तयार बसल्यात, तरीही किडनी बसवली तर रक्त सोडल्यावर काही मिनिटांत ऑपरेशन टेबलवरच ती काळीनिळी पडू शकते. 1969 साली पटेल आणि तेरासाकी या दोघांनी अमेरिकेत याचा हिशोबच मांडला होता, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या 30 पैकी 24 किडन्या लगेच फेल गेल्या, निगेटिव्हवाल्या 195 मधल्या फक्त 8. तेव्हापासून ही टेस्ट केल्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही.

आता बाबांविरुद्ध आईच्या अंगात हे आलं कुठून, तर आमच्याकडूनच! पेशींवर एचएलए नावाची खूण असते, ती मुलाला अर्धी आईकडून अर्धी बापाकडून मिळते, आणि गरोदरपणात बापाकडची खूण आईच्या शरीराला परकी दिसते म्हणून काही बायकांमध्ये तिच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात. सगळ्यांच्यात होतात असं नाही. आईची तीन बाळंतपणं, मी शेंडेफळ. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो, आणि बाबांची अर्धी खूण माझ्यातही असल्यामुळे माझी किडनी पण चालली नाही ते वेगळंच. नवऱ्याला बायकोची किडनी देताना हा बाळंतपणाचा घोळ नसतो, उलट दिशेला मात्र असतो.

दुसरं कारण रक्त. हिमोग्लोबिन सहावर आलं की डायलिसिसच्या सेंटरवर रक्ताची पिशवी चढवायचे, वर्षभरात चार पिशव्या झाल्या. प्रत्येक पिशवीत परक्या माणसाच्या पांढऱ्या पेशी थोड्याफार असतातच आणि आधीच्या अँटीबॉडीज त्याने आणखी चेकाळू शकतात. जीवावर बेतलं तर रक्त द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे रक्त वाढवणारी, इंजेक्शनं आणि लोह वेळेवर देऊन बऱ्याच पिशव्या टाळता येतात, आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचंय का हे आम्हाला तिथे एकदाही कोणी विचारलं नाही. डायलिसिसच्या प्रत्येक सेंटरवर एवढं विचारायची सक्ती करा, खर्च शून्य आहे.

गंमत म्हणजे रक्तगट वेगळा असला तरी आता प्लाझ्मा बदलून, औषधं देऊन किडनी बसवतात. आईच्या अँटीबॉडीज मात्र इतक्या जास्त आहेत की तो मार्ग पण डॉक्टर नको म्हणाले. आता स्वॅप, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाशी डोनरची अदलाबदल, कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने ती बसते, पण दोन्हीकडचं क्रॉसमॅच निगेटिव्ह यायला हवं. मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या पुण्याच्या झेडटीसीसी या संस्थेच्या यादीत पण नाव आहे.

परवा हिमोग्लोबिन परत सात आलं. सिस्टर पिशवी मागवू का म्हणाल्या तर आईच म्हणाली, आधी इंजेक्शनचा डोस वाढवता येतो का डॉक्टरांना विचारा की.

(नाव छापू नका, आईला आवडायचं नाही.)

आपला,
एक वाचक, सांगली