काडी लावून लॅटरलचा कस कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पुरवणीतली ठिबकचा अस्सल माल ओळखण्याची चौकट वाचली. लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून पाणी नेणाऱ्या काळ्या नळीच्या, टोकाला काडी लावा, मेणबत्तीसारखा वास आला की माल चांगला, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सकाळी लिहायला बसले.

हीच युक्ती सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका दुकानदाराने आमच्या अण्णांना करून दाखवली होती. मी शेजारीच उभी होते. त्याने काडी ओढली, नळीचे टोक पेटवले, फुंकर मारून विझवले आणि अण्णांच्या नाकापाशी धरले. "घ्या अण्णा, वास घ्या. निव्वळ मेण आहे." अण्णांनी मान डोलावली आणि तीन एकर डाळिंबाला पुरेल एवढी लॅटरल ट्रॉलीत टाकून सांगोल्याजवळच्या आमच्या रानात आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती नळी हातात घेऊन वाकवली की कट्‌कन मोडायची. थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या ड्रिपरपाशी उभ्या चिरा पडल्या होत्या. एका झाडाच्या बुडात डबके, तर पुढची दहा झाडे कोरडी. डाळिंबाला पाण्याची अशी ओढाताण सोसत नाही. आंबे बहाराची, म्हणजे उन्हाळी हंगामाची, भरत आलेली फळे झाडावरच तडकली.

दुकानदाराने दाखवलेला वास खोटा नव्हता, हेच मला तुमच्या वाचकांना सांगायचे आहे. मेण काय आणि लॅटरल ज्याची करतात ते पॉलिथिन काय, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्याच. मेणाच्या साखळीत वीस-चाळीस कार्बन, पॉलिथिनच्या साखळीत हजारो. त्यामुळे जळताना वास सारखाच येतो. दुधाच्या जुन्या पिशव्या वितळवून केलेली लॅटरलही तोच वास देईल. काडीने फार तर प्लास्टिकचे कूळ कळते. ते उन्हात किती वर्षे टिकेल, हे कळत नाही.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करते. मोडलेल्या नळीचे चार तुकडे मी पिशवीत घालून नेले आणि साहेबांच्या परवानगीने तपासले. एक कपटा, जेमतेम पाच-सात मिलिग्रॅमचा, यंत्रात हळूहळू तापवला. लॅटरलचे पॉलिथिन साधारण १२० ते १२५ अंशांदरम्यान वितळते आणि आलेखावर तिथे एकच खड्डा दिसायला हवा. आमच्या नळीचा दुसरा खड्डा १६० च्या पुढे पडला. म्हणजे त्यात पॉलिप्रॉपिलिन होते, खताची पोती आणि सुतळ्या ज्याच्या करतात ते. ही दोन प्लास्टिके एकमेकांत नीट मिसळत नाहीत, आणि भेगेला वाट तिथूनच मिळते.

मग दुसरा तुकडा नायट्रोजनमध्ये सहाशे अंशांपर्यंत तापवला. ऑक्सिजन नसला की पॉलिथिन विघटित होऊन उडून जाते, पण काजळी जळत नाही, मागे राहते. लॅटरलचा काळा रंग शोभेसाठी नसतो. ही बारीक काजळीच सूर्याचे अतिनील किरण अडवते आणि ती वजनाच्या दोन ते तीन टक्के हवी. आमच्या नळीत एक टक्काही भरली नाही. नंतर हवा सोडून काजळी जाळून टाकली, तेव्हा तळाशी पांढरी राख उरली. ती खडूच्या भुकटीची होती. वजन वाढवायला भरलेली.

तो अहवाल घेऊन अण्णा आणि मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, दोन वर्षे उन्हात पडलेला तुकडा आहे, उन्हाने खराब झाला असेल. ऊन साखळ्या तोडते हे मलाही मान्य आहे. अवरक्त किरणांच्या तपासणीच्या आलेखावर १७१५ या आकड्याच्या आसपास त्याची खूण उभी राहते आणि ती आमच्याही नळीत होती. पण उन्हाने पॉलिथिनचे पॉलिप्रॉपिलिन होत नाही आणि नळीत खडूही शिरत नाही. हे मी तिथे परोपरीने सांगितले. शेवटी तो म्हणाला, कागद इंग्रजीत आहे, मला काय कळणार. अण्णांनाही तो वाचता येत नव्हता. शेतकऱ्याच्या मालाचा तपासणी अहवाल मराठीत का मिळू नये, यावर तुमच्या पुरवणीने कधीतरी लिहावे.

वाचकांना सांगायचेच असेल तर हे सांगा. लॅटरलवरचा आयएसआयचा शिक्का आणि बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्या. प्रत्येक बंडलातला हातभर न वापरलेला तुकडा बिलासोबत सावलीत जपून ठेवा, म्हणजे 'उन्हाने खराब झाला' म्हणायला जागा राहणार नाही. गावातल्या पाच-सहा जणांनी एकाच बॅचचा माल घेतला तर तपासणीचा खर्च वाटून घेता येतो. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिकविषयक संस्थेचे केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आणखी एक गोष्ट, आणि ही तातडीची आहे. त्याच चौकटीत शेवटी 'पीव्हीसी पाइपलाही हीच युक्ती लावा' असे छापले आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसांना इजा करतो. त्याचा वास घ्यायला लोकांना सांगू नका. एवढी दुरुस्ती कृपा करून उद्याच्याच अंकात छापा, पुढच्या पुरवणीची वाट पाहू नका.

आपली,
एक वाचक, पुणे