सायडिंगवर उभ्या असलेल्या मालगाडीच्या वाघिणींबाबत अमेरिकेच्या वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे. ही मराठी प्रत माझ्यासारख्याच रुळालगत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी वाचावी म्हणून.

माझे घर ओहायोत, मालगाड्यांच्या एका सायडिंगपासून, म्हणजे डबे उभे करून ठेवायच्या बाजूच्या रुळापासून, हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे टाकीची एक काळी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, आणून सोडली गेली. तिच्यावरच्या लाल पाटीवर २०५५ हा आकडा होता, म्हणजे आत स्टायरीन, ज्यापासून थर्मोकोल बनतो ते. जून सरला, जुलै सरला, चाकांमधून उगवलेली वेल शिडीच्या तिसऱ्या पायरीला पोहोचली, तरी वाघीण जागची हलली नाही. संबंधित कंपनीला फोन केला, तेव्हा ‘माल वाटेत आहे’ असे उत्तर मिळाले. वेलीकडे पाहता ते मला पटले नाही.

स्टायरीन नुसते उभे राहिले तरी स्वस्थ बसत नाही. त्याचे रेणू आपोआप जोडले जाऊ नयेत म्हणून त्यात रोधक मिसळतात, पण तो दिवसागणिक खर्च होतो आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने होतो. तो संपला की रेणू जुळू लागतात, त्यातून उष्णता निघते आणि त्या उष्णतेने ही क्रिया आणखी भडकते. सिनसिनाटीत ऑगस्ट २००५ मध्ये कित्येक महिने उभ्या असलेल्या वाघिणीतून स्टायरीन असेच बाहेर पडले आणि आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. त्याच शहराजवळ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा एका वाघिणीतून स्टायरीनची वाफ सुटली. विशाखापट्टणमला मे २०२० मध्ये १२ जणांचे प्राण गेले ते कारखान्याच्या टाकीतील स्टायरीनमुळे, आणि तेही टाळेबंदीत ते पडून राहिल्यानंतर.

घातक रसायनांच्या साठ्याची माहिती स्थानिक अग्निशमन दलाला देण्याचे बंधन अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आले, आणि त्या कायद्यामागे भोपाळ होते, हे मी भारतीय म्हणून विसरू शकत नाही. मात्र त्याच कायद्यात वाहतुकीला सूट आहे: माल अंतिम ग्राहकापर्यंत पोहोचलेला नसेल आणि वाहतुकीचे कागद चालू असतील, तर वाटेतला मुक्कामही वाहतुकीतच धरला जातो. रेल्वे कंपनीने असा माल सुट्ट्या वगळून ४८ तासांत पुढे रवाना करावा असाही नियम आहे, पण भाड्याने दिलेल्या रुळावर गेलेल्या वाघिणीला तो किती लागू पडतो, हे आमच्या सायडिंगवर दिसलेच.

दिवस मोजणे अवघड आहे, असे आपले अधिकारी म्हणू शकणार नाहीत. डेमरेज, म्हणजे वाघीण ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडवून ठेवल्याचा आकार, असो वा रुळाचे भाडे, पैसे वसूल करायचे असतात तेव्हा उभ्या वाघिणीचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या वहीत लिहिला जातोच. तीच नोंद अग्निशमन दलाकडे जावी, रोधक लागणाऱ्या रसायनांच्या वाघिणीवर माल भरल्याची आणि रोधक संपण्याची तारीख पाटीशेजारीच लिहिलेली असावी, आणि ठरावीक दिवसांनंतर, कागद काहीही म्हणोत, तिला साठाच मानावे, एवढीच माझी विनंती आहे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आमच्या इथली वाघीण दिसेनाशी झाली. तुटलेली वेल रुळात पडली होती. त्या वाघिणीत माल कधी भरला होता आणि आता ती कुणाच्या घरामागे उभी आहे, हे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपला,
ओहायोतील एक रहिवासी