तुझी २०१५ची फाईल सापडली

प्रिय गजा,

दोन महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आईचे गुडघे तसेच, बाकी बरं.

जिनिंगच्या वजनकाट्याचा आपला प्रोग्राम ऐन सीझनमध्ये बिल्ड होईना. एरर एकच: 'एसक्यूलाइट_प्रिपेअर_पर्सिस्टंट' अनडिक्लेअर्ड, म्हणजे हे नाव कंपायलरला माहीतच नाही. हे नाव एसक्यूलाइटमध्ये (आपली डेटाबेस लायब्ररी) आलं ३.२०.० व्हर्जनला, २०१७ साली. मशीनवर डेबियन १२ लिनक्स, त्यातलं एसक्यूलाइट ३.४०.१. मग काहून सापडू नये? डेव्ह पॅकेज (त्यात हेडर, म्हणजे लायब्ररीतल्या नावांच्या फाईली असतात) पुन्हा टाकलं, एरर तीच. तू असतास तर एक डिफाइन ठोकून, म्हणजे ते नाव हातानंच लिहून, मोकळा झाला असतास बे.

शेवटी जीसीसीला, म्हणजे कंपायलरला, -एच दिला, मोठा एच. कोणती हेडर कुठून उचलली त्याची पूर्ण यादी येते. त्यात दिसलं: /यूएसआर/लोकल/इन्क्लूड. त्या फाईलमध्ये व्हर्जन ग्रेपनं शोधलं, ३.८.११. २०१५चा माल! जीसीसी /यूएसआर/इन्क्लूडच्या आधी लोकलमध्येच बघतो, म्हणून पॅकेज कितीदा टाकलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. -आय /यूएसआर/इन्क्लूड, म्हणजे 'इथं आधी बघ' असं, देऊनही जमत नाही; ते सिस्टिम फोल्डर म्हणून तो -आय सोडून देतो, क्रम तोच राहतो. फाईल कोणत्या पॅकेजची ते सांगणाऱ्या डीपीकेजी -एसला विचारलं तर त्या फाईलला मालकच नाही. मालक तू! सोर्सचा टारबॉल आणून मेक इन्स्टॉल कोणी केलं होतं?

थांब, अर्धं पाप माझं. डिस्क भरली तेव्हा लोकल/लिबमधली जुनी .एसओ, म्हणजे खुद्द लायब्ररीची फाईल, मीच पुसली. हेडर तशीच राहिली. म्हणून हेडर जुनी अन् लायब्ररी नवी. आपलं त्यावरून झालेलं भांडण मी मागे घेतो, अर्धंच.

एरर आली हे नशीब. स्ट्रक्चरचा आकार बदललेली लायब्ररी असती तर गपगुमान कंपाइल होऊन भरल्या गाडीच्या काटापट्टीवर क्रॅश झाली असती.

एसक्यूलाइटच्या दोन्ही हेडर पुसल्या नाहीत, नावापुढं .जुनी लावलं. लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिगमधली .पीसी फाईलही तशीच बाजूला केली, नाहीतर लायब्ररीचा पत्ता-व्हर्जन सांगणारा पीकेजी-कॉन्फिग ३.८.११च सांगत राहतो. मग मेक क्लीन, ते विसरायचं नाही. आपल्या मेकफाईलमध्ये कोणती हेडर बदलली की काय पुन्हा कंपाइल करायचं ते नोंदवणारं -एमएमडी आहे, ते सिस्टिम हेडर मोजतच नाही; आधी कंपाइल झालेल्या जुन्या .ओ फाईली तशाच चिकटून राहतात. मध्येच लाईन गेली, पण झालं एकदाचं. आता प्रोग्राम सुरू होताना हेडरचं एसक्यूलाइट_व्हर्जन अन् लायब्ररीचं लिबव्हर्जन, दोन्ही छापतो. जुळले नाहीत तर तिथंच थांबतो.

नागपूरची नोकरी कशी? पोरगी शाळेत जाते का? वहिनींना नमस्कार.

त्या लोकल/इन्क्लूडमध्ये आणखी तीन फाईली आहेत. हात लावला नाही. कशाच्या, ते आठवून कळव.

तुझा,
दिल्या