एआयचा हप्ता भरताय, पण त्यातून काम किती निघालं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौकाजवळ टॉवेल-चादरीची डिझाइनं करून देतो. आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर. गेल्या वर्ष-दीड वर्षात आमच्या लाइनमधल्या बऱ्याच पोरांनी कुठलं ना कुठलं एआय विकत घेतलंय, कुणाकडे चॅटजीपीटी, कुणाकडे चित्रं काढून देणारं मिडजर्नी, एकाकडे तर तीन तीन, आणि महिन्याला दोन-अडीच हजार जातात पण यातून माग किती चालला असं विचारलं की सगळे गप्प. मीही गप्पच होतो. दिवाळीनंतर वही घेऊन बसलो आणि हिशोब मांडला तेव्हा कळलं.

मिडजर्नीचा सगळ्यात स्वस्त प्लॅन महिना १० डॉलरचा, त्यात साधारण २०० वेळा चित्र काढता येतं, आणि महिना संपला की उरलेलं पुढे जात नाही. पहिल्या महिन्यात मी १७० चित्रं काढली. त्यातली सहा कारखानदाराला दाखवली, दोन मागावर चढली. का माहितीये का, एका चादरीसाठी मोर पाहिजे होता, त्याने मोर असा दिला की बघत राहावं, पण पिसाऱ्यात निळ्याच्या शंभर छटा, आणि चादरीत चार रंग घालायचे म्हटलं तरी कारखानदार दहादा विचार करतो. वर डावी कड उजव्या कडेला जुळेना, मग रिपीट, म्हणजे तेच चित्र शेजारी शेजारी परत परत, कसा बसवायचा? असली पन्नास-साठ चित्रं नुसती वाया गेली, म्हणजे पैसेच गेले.

आता मी उलटं करतो. काय पाहिजे ते आधी चॅटजीपीटीसारख्या फुकटच्या चॅटबॉटला मराठीतच सांगतो, चादर आहे, चारच रंग, सपाट रंग, सावली नको, बारीक रेघ नको कारण धाग्यात ती तुटते, आणि त्याच्याकडूनच इंग्रजी प्रॉम्प्ट, म्हणजे चित्र कसं पाहिजे त्याची सूचना, लिहून घेतो. ते दोनदा तीनदा दुरुस्त करायला काही पैसे पडत नाहीत. मग तो प्रॉम्प्ट मिडजर्नीत टाकतो आणि सोबत टाइलचा पर्याय लावतो, त्याने कडा एकमेकीला जुळतात, हे तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही. परवा टॉवेलच्या बॉर्डरचं एक काम अकरा चित्रांत संपलं. रंग कमी करणं, ग्राफवर बसवणं हे हातानेच करावं लागतं, ते काम अजून तरी आपलंच आहे.

चॅटबॉटमध्येही पोरं एकच चूक करतात, महिनाभराचं सगळं एकाच चॅटमध्ये. ते दर वेळी मागचं सगळं परत वाचतं, म्हणून लिमिट लवकर संपू शकतं आणि उत्तरंही भरकटतात. नवीन कामाला नवीन चॅट उघडायचं, एवढंच.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. मिडजर्नीच्या स्वस्त प्लॅनमध्ये तुमची चित्रं सगळ्यांना दिसतात. लपवून ठेवायची सोय महिना ६० डॉलरच्या प्लॅनपासून पुढे आहे. आपल्या चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तरी सोलापुरीच्या नावाखाली बाहेरचा माल विकला जातो म्हणून आपण कळवळतो, आणि इकडे स्वतःच नवीन डिझाइन चव्हाट्यावर मांडतो! गिऱ्हाइकाचं खास काम असलं की मी ते तिथे करतच नाही.

आता हप्त्याचं. वीस टक्के स्वस्त पडतं म्हणून मी एका दुसऱ्या कंपनीचा वर्षाचा प्लॅन घेतला होता, वापरला तीन महिने. आमचं काम सीझनचं आहे साहेब, लग्नसराईच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो आणि मग दोन महिने माग अर्धे बंद, त्याला वर्षाचा प्लॅन कसा परवडेल? कंटाळून मी मोबाइलमधून अॅप काढून टाकलं आणि वाटलं सुटलो, वर्ष भरताच पुढच्या वर्षाचे पैसे परत कटले. अॅप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि मेसेज आलाही होता, मी जाहिरात समजून पुसला. तेव्हा सबस्क्रिप्शन कंपनीच्या अकाउंटमध्ये जाऊन बंद करा, आणि यूपीआय अॅपमधल्या ऑटोपेमध्ये मॅन्डेटही, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करा, दोन्ही करा.

हे आत्ताच लिहायचं कारण, २०२५ मध्ये फुकटच्या ऑफरांचा पाऊस पडला. एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी वर्षभर, जिओवाल्यांना जेमिनी १८ महिने, आणि ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो नोव्हेंबरपासून वर्षभर फुकट. यातली एखादी अजून चालू असेल तर जरूर घ्या, आमच्यासारख्याला याच्यात बरंच काम भागतं. पण कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतलं असेल तर मुदत कधी संपते ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा खाडा लिहितो तशी.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात एआयने काय काय होतं हे रोज येतं, त्याच्या शेजारी एक चौकट द्या, कुठला प्लॅन कितीचा, काय मिळतं आणि बंद कसा करायचा. आमच्या भागात घरात तेलुगू बोलणारे खूप आहेत, पण पेपर मराठीच वाचतात, त्यामुळे सोप्या मराठीत लिहिलं तर सगळ्यांपर्यंत जाईल. यंत्रमाग संघटना आणि इथल्या कॉलेजांनी मिळून रविवारी दोन तासांचा वर्ग ठेवला तर चार रंगांचा प्रॉम्प्ट कसा लिहायचा ते मी येऊन दाखवीन, एक पैसा नको.

सध्या माझं सगळं बंद आहे. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतील, तेव्हा एक महिना घेईन आणि ज्या दिवशी घेईन त्याच दिवशी ऑटोपे बंद करून टाकीन.

आपला,
एक डिझायनर, पूर्व भाग, सोलापूर