कार्ड पालथं ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वाचनालयाच्या बालविभागात बसणाऱ्या ताई म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

यांची बदली झाली आणि आम्ही सांगली सोडून ठाण्याला आलो. तिसरीतल्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण तिकडेच राहिली. इथे आल्यापासून लेक मिटून गेली होती. जो तो म्हणायचा, व्हिडिओ कॉल लावून द्या. लावून दिला. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत बसायच्या आणि दोन्हीकडून मोठी माणसं मागून सुरू: "अगं बोल ना! शाळेचं सांग ना!" दोन मिनिटांत फोन परत आमच्या हातात.

नव्या शाळेत पत्रलेखन आलं. मैत्रिणीला पत्र लिहा, एवढाच प्रश्न होता. हिनं खऱ्या मैत्रिणीला खरंखुरं पत्र लिहिलं. तुमच्या माळ्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली का, वर्गात माझ्या जागेवर आता कोण बसतं, असं सगळं. वहीवर लाल गोलच गोल आले. मायना चुकला, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, मजकूर विषयाला सोडून. तेवढ्यावर भागलं नाही, ते पत्र भर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. पोरं हसली. आठ वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीला लिहिलेलं पत्र! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यानंतर अभ्यासापुरतं सोडलं तर हिनं एक ओळ लिहिली नाही.

आणि मग एका शनिवारी तुम्ही तिच्यासमोर ते जिराफाचं पुस्तक ठेवलंत.

'युअर्स सिन्सिअरली, जिराफ'. मेगुमी इवासा या जपानी लेखिकेचं. हातात त्याचा इंग्रजी अनुवाद होता, पण तुम्ही पान उलटत तिथल्या तिथे मराठीत सांगत होतात. आफ्रिकेतला जिराफ कंटाळून गेलेला असतो. त्याच्यासारखाच कंटाळलेला पेलिकन टपाल पोचवायचं काम काढतो. जिराफ पत्र लिहितो, पण कुणाला? तर क्षितिजापलीकडे जो पहिला प्राणी भेटेल त्याला! ते जाऊन पोचतं एका पेंग्विनाकडे. जिराफ लिहितो, माझी मान लांब आहे. आता पेंग्विनाला मान म्हणजे काय तेच माहीत नाही. आपल्याला ती नसेलच, की आपण नखशिखांत मानच आहोत, हा त्याला पडलेला पेच तुम्ही इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलात की माझी लेक खो खो हसली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा मी ते हसू ऐकलं. पत्रांतल्या वर्णनावरून जिराफ पेंग्विनासारखं सजायला बघतो, तिथे तर ती बाकावरून खाली घसरली. या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीला २०१८ मध्ये तिकडचा मोठा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हे मी नंतर वाचलं. मिळायलाच हवा होता. त्या पुस्तकात कुणी कुणाची चूक काढत नाही. एकाला कळत नाही म्हणून तो विचारतो, आणि विचारण्यासाठी पुढचं पत्र लिहितो. मैत्री होते ती त्यातून.

पण हे आभार नुसत्या पुस्तकासाठी नाहीत.

पुढच्या खेपेला तुम्ही तिला ५० पैशांचं एक पोस्टकार्ड दिलंत आणि आपल्या कामाला लागलात. ती कोपऱ्यात बसून खाली मुंडी घालून लिहीत होती. कडेनं, आडवं, पत्त्याच्या रेघेपर्यंत. झाल्यावर तुमच्याजवळ आली आणि सवयीनं, मान खाली घालून, मजकूर वर ठेवून कार्ड पुढे केलं. तपासायला. तुम्ही ते हातात घेतलंत आणि न वाचता टेबलावर पालथं ठेवलंत.

"हे तू तुझ्या मैत्रिणीला लिहिलंयस. मी कशाला वाचू? मी फक्त पत्ता बघते."

मग बोट ठेवून तुम्ही दोघींनी मिळून पिन कोड वाचलात, ४१६४१६. "बघ, तेच तीन आकडे दोनदा! पोस्टमनकाका चुकणारच नाहीत." ती मान वर करून बघत होती तुमच्याकडे. ताई, मी मागे पुस्तकांच्या कपाटाशी उभी होते. माझे डोळे भरून आले होते, म्हणून पुढे आले नाही.

पोस्टकार्ड उघडंच असतं, कुणालाही वाचता येतं. म्हणून तर न वाचणाऱ्याचं मोल जास्त. पूर्वी गावोगाव पोस्टमन निरक्षर आयाबायांना पत्रं वाचून दाखवायचे, मुंबईत जीपीओसमोर, म्हणजे मुख्य टपाल कचेरीसमोर बसून माणसं परक्यांची सुखदुःखं लिहून द्यायची. किती घरांचं काय काय ठाऊक असेल त्यांना! पोटात ठेवलं म्हणूनच तर लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करत. सभ्यपणा म्हणतात तो मला यात दिसतो. लहान मुलाशी असं वागणारं माणूस तर फारच क्वचित भेटतं, कारण मुलांचं सगळं आपलंच आहे असं आपण मोठ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

सांगलीहून उत्तर आलं. काय आलं ते मला माहीत नाही. लेक ते घेऊन गॅलरीत गेली, बराच वेळ हसत होती, आणि आत येऊन म्हणाली, "आई, अजून कार्डं आण." शुद्धलेखन अजून सुधारलेलं नाही. सुधारेल हळूहळू. परवा तिनं आपणहून विचारलं, "'पिल्लं'मधला पि पहिला की दुसरा? तिला नीट कळायला हवं ना."

त्याच जिराफाच्या मालिकेत व्हेल गुरुजींचंही पुस्तक आहे म्हणे. वाचनालयात आलं तर आमच्यासाठी बाजूला काढून ठेवाल का? या शनिवारी आम्ही दोघी येतो आहोत. ती तुमच्यासाठी एक कार्ड लिहून आणणार आहे. ते मात्र तुम्ही वाचा.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एका वाचक मुलीची आई