सिस्टरबाई, तुम्ही मला दीड वर्ष बोलू दिलं नाही

आदरणीय सिस्टरबाई,

सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. मागे अमरावतीला तुमच्या भाचीकडे आलो तेव्हाही मी सुरुवात केली आणि तुम्ही विचारलंत, "यंदा तूर किती झाली?" म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. तुमचं नाव त्यात नाही, दवाखान्याचंही नाही. ती तुमची अट होती आणि ती मी मोडणार नाही. भाची वाचून दाखवील तेव्हा मधेच उठून जाऊ नका, एवढं मात्र मागतो.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण हे दुसरेही वाचतील म्हणून मागचं थोडं सांगतो. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. संडेस्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्यात माझा नंबर पहिला यायचा. आमचं गाव वणीकडचं, वर्धा नदीच्या काठावर. नदीपल्याड चंद्रपूर जिल्हा. १ एप्रिल २०१५ ला तिकडे दारूबंदी लागली आणि आमच्या काठावरच्या पोरांना रात्रीचं काम मिळालं. मोटरसायकलवर पेट्या बांधायच्या, दिवा न लावता नदीकडे न्यायच्या. मजुरी अर्धी पैशात, अर्धी बाटलीत. त्याआधी मी आठवडी बाजाराच्या दिवशी पिणारा होतो. दोन वर्षांत सकाळी चूळ भरायच्या आधी पिणारा झालो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. सगळ्या गावाचं नुकसान झालं, आमचंही झालं. पण त्या वर्षी वावरात जो थोडा कापूस फुटला, तो वेचायला आलेल्या बायांची मजुरी खिशात घालून मी गुत्त्यावर गेलो. बोंडअळीचा हिशेब सरकारनं केला असेल. हा हिशेब माझ्याकडेच राहिला.

जानेवारी २०१८ मध्ये आईनं मला मागच्या खोलीत कोंडलं. तिला वाटलं, चार दिवस मिळाली नाही की सुटेल. दुसऱ्या दिवशी मला फिट आली. गावात कोणी म्हणालं मिरगी, कोणी म्हणालं बाहेरचं. चुलतभावानं ऑटोत घालून तुमच्याकडे आणलं. आमच्या चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, खाटेशी येऊन, माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. तुम्ही त्यांना म्हणालात, "प्रार्थना करा साहेब, पण त्या बाजूनं करा. मले हाताची शीर पायजे."

सिस्टरबाई, त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी प्रवचनं केली आहेत, तुम्हाला न सांगता.

रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की शरीर बंड करतं, जीवही जाऊ शकतो, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना बी-वनचं इंजेक्शन आठवून दिलंत. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं आणि आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे तुम्ही मला फार नंतर समजावून सांगितलंत. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसत होत्या आणि दारात पोलिसांची बॅटरी. मी खाटेवरून उडी मारत होतो. तुम्ही वॉर्डातला दिवा मोठा केलात, बाजूला स्टूल घेऊन बसलात आणि दर थोड्या वेळानं मला तेच ते सांगत राहिलात: हा दवाखाना आहे, आज गुरुवार आहे, तुझी आई बाहेर पायरीवर झोपली आहे. देवाचं नाव त्या रात्री तुम्ही एकदाही काढलं नाहीत. मी वाट पाहत होतो, की आता तुम्ही माझी पापं मोजाल.

त्यानंतर जे घडलं त्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

मी सुधारतो आहे ही बातमी मंडळ्यांमध्ये, म्हणजे आसपासच्या चर्चमध्ये, लवकर पसरली. तिसऱ्याच महिन्यात एका संमेलनाचं बोलावणं आलं: भावानं येऊन साक्ष द्यावी, दारूच्या दरीतून प्रभूनं कसं काढलं ते सांगावं. मला फार आनंद झाला. इतक्या दिवसांत कोणी मला ओट्यावर बसू दिलं नव्हतं आणि आता मांडव, माईक, हार! मी इस्त्रीचा सदरा मागून आणला आणि तुम्हाला सांगायला दवाखान्यात आलो. तुम्ही ड्रेसिंगचं ताट खाली ठेवलंत.

"ओला कापूस बंडीत भरते का कोणी?" तुम्ही विचारलंत. "भरला तर काय होते?"

मी म्हणालो, "तापते. काळा पडते."

"मंग?"

एवढंच बोललात. मी रागावून गेलो, आठवडाभर फिरकलो नाही. पण संमेलनालाही गेलो नाही. पुढे अशी तीन बोलावणी आली, तिन्ही वेळा तुम्ही नाहीच म्हणालात. आज मी पाळक आहे, आणि माझ्याकडे नुकती दारू सोडलेली पोरं येतात, तेव्हा मला कळतं की तुम्ही मला कशापासून वाचवलंत. ताज्या ताज्या माणसाला टाळ्या मिळाल्या की त्याला वाटतं, गोष्ट संपली. सांगता सांगता तो जुन्या दिवसांना मीठमसाला लावतो, पिण्याची गोष्ट रंगते, आणि घरी परतताना एकटा असतो. अशी दोन माणसं मी परत गुत्त्यावर गेलेली पाहिली. दोघांच्याही साक्षीनं मांडव रडला होता. मंडळीनं त्यांच्यावर घाई केली, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मत मी संमेलनवाल्यांना तोंडावर सांगतो.

साक्षीऐवजी तुम्ही मला शंभर पानी वही दिलीत. "कोणाकोणाचं घेतलं ते लिही." किराणावाला, आईच्या कानातले, भावाच्या गोऱ्ह्याचे पैसे, वेचणीच्या बाया. सत्तावीस ओळी झाल्या. मी दुसऱ्यांच्या वावरात डवरणीला, फवारणीला गेलो, एकेक ओळ खोडत गेलो. रविवारी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडायचं, सतरंज्या घालायच्या, आणि मागच्या रांगेत बसून ऐकायचं. बस्स. दीड वर्ष.

माझी बायको तेव्हा पोरीला घेऊन माहेरी होती. मी तुम्हाला गळ घातली, की तिला समजावा, तुमचं ऐकेल. तुम्ही सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं तिच्या गावी गेलात. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलायला. पुष्कळ दिवसांनी तिनंच सांगितलं, की तुम्ही तिला म्हणाला होतात, "इतक्यात येऊ नको. त्याची वही पाहून मंग ठरव." ती दोन वर्षांनी आली, आपल्या मनानं आली. सिस्टरबाई, मला सगळ्यात जास्त आभार कशाचे मानायचे असतील तर या एस.टी.च्या तिकिटाचे. तुम्ही माझ्या भल्यासाठी तिला वापरलं नाहीत.

प्रभुभोजनाचंही सांगतो, म्हणजे देवळात भाकरीबरोबर द्राक्षारसाचा घोट घेतात त्या विधीचं. कोणत्याही पेल्याला वास असला की माझे हात कापायचे. तुम्ही पाळकसाहेबांना न दुखावता काळ्या मनुका रात्री भिजत घालून, उकळून, गाळून रस देऊ लागलात. पुढे शिकताना वाचलं, की १८६९ साली अमेरिकेत वेल्च नावाच्या एका दंतवैद्यानं द्राक्षरस तापवून, तो आंबू न देता टिकवला, तोही प्रभुभोजनासाठीच. म्हणजे हा विचार करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, पण माझ्यासाठी पहिल्या तुम्हीच. आमच्याकडे आजही मनुकांचाच रस असतो.

मग मार्च २०२० आला. लॉकडाऊन लागलं, दुकानं बंद, गुत्ते बंद. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यावर एक माणूस थरथरायला लागला, कोणीतरी दिसतं म्हणून ओरडायला लागला. लोक गंडेदोरे करायला निघाले होते. मी ओळखलं. तुम्हाला फोन केला, तुम्ही विचारलंत, "शेवटची कधी घेतली? फिट आली का?" आणि गाडी मिळव म्हणालात. पोलीस पाटलांची चिठ्ठी घेऊन त्याला दवाखान्यात नेला. त्या दोन महिन्यांत असे पाच जण नेले. त्यांतले तिघं ख्रिस्ती नव्हते, कोणी विचारलंही नाही. रात्री वॉर्डाबाहेर बसून त्यांच्या घरच्यांना मी सांगत होतो: आज गुरुवार आहे, तो आत आहे, डॉक्टर आहेत. तुमचीच वाक्यं. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाळक व्हायला शिकायला जा म्हटलं. तुम्ही सांगायच्या, तुमच्या लहानपणी पाळकांना शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती, तिथली पोरं रविवारी खेड्यांवर यायची. १९८३ साली ती पुण्याला गेली. मी पुण्याला निघालो होतो. "आत्ताच संसार सांधला, पुन्हा तोडू नको" म्हणून तुम्हीच घरी राहून करायचा अभ्यास शोधून दिलात.

आता चार गावं माझ्याकडे आहेत. मंदिर एकच, टिनाचं. शनिवारी संध्याकाळी लिंबाखाली पिणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक असते, तिथे मी कोणाला धर्म विचारत नाही. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली तेव्हा लोकांनी विचारलं, पाळकसाहेब, चांगलं झालं की वाईट? बंदीसाठी लढणाऱ्या बायांच्या मी बाजूनं आहे. त्यांच्या घरात काय चालतं ते मी माझ्या घरातून शिकलो. पण बंदीबरोबर दवाखान्यात खाट नसेल तर माणूस नदीकाठी जातो, हेही मी पाहिलं आहे. त्या काठावर मीच उभा होतो.

भाऊ अजून बोलत नाही. गोऱ्ह्याचे पैसे त्यानं घेतले, चहा घेतला नाही. त्याला तो हक्क आहे.

वहीत आता एकच ओळ उरली आहे. त्या वर्षीच्या वेचणीच्या बायांपैकी एक, तिचं लग्न होऊन ती आदिलाबादकडे गेली होती, पत्ता लागत नव्हता. परवा तिच्या मामानं गाव सांगितलं. सहाशे चाळीस रुपये आहेत. बुधवारी पांढरकवड्याहून एस.टी. धरतो. बायको म्हणते, नुसते पैसे नको, लुगडंही ने. गुरुवारी येऊन तुम्हाला फोन करीन.

तुमचा,
खाट नंबर सात